उंची, बूट काढून

पहिला रकाना उंचीचा.
कॉलेजच्या पत्रात सहा फूट दहा.
मी त्याला भिंतीला टेकवलं, बूट काढायला लावले,
स्टुलावर चढून डोक्यावर पुठ्ठ्याची वही आडवी धरली,
खडूची रेघ मारली.
सहा आठ. वर जेमतेम अर्धा इंच.
मानमोडे सर म्हणाले, मॅडम, दहाच राहू द्या ना, काय जाते तुमचं!
पोरगाच म्हणाला,
"आठच लिहा. बूट घालून थोडी झोपतो मी."

प्रज्वल हेडाऊ. बी.ए. शेवटचं वर्ष. पिव्होट.
एप्रिल संपत आलेला, संध्याकाळचे साडेपाच,
धरमपेठेतलं सिमेंटचं मैदान अजून तव्यासारखं,
चेंडू धरला की तळवे भाजतात,
आणि हा तो असा उचलतो
जसं कोणाचं सामान आहे,
धक्का न लागता पोचवायचंय.

रीबाउंड एकोणीस.
आकडा लिहिते आणि पेन थांबतं.
समोर होतं कोण? सहा फुटी, सहा-एकी पोरं.
हाताशी असलेल्या फळीवरचा डबा काढायला
उडी लागत नाही.
ज्याला कधी उडी लागलीच नाही
त्याला ती येते की नाही,
हे कळायला उंच फळी लागते.
ती या गावात मला दिसली नाही.

हात मोठे. पकड पक्की.
फ्री थ्रो दहात सहा, पण मनगट सैल, सुधारेल.
पाठीवर माणूस घेऊन हलत नाही,
कोपर मारत नाही, मार खाल्ला तरी पंचांकडे बघत नाही.
(हे गुणात धरू की दोषात?)

वळतो मात्र फक्त उजवीकडे.
मला तिसऱ्यांदा कळलं,
त्याला अडवणाऱ्या पोराला सहाव्यांदा.
लीगमध्ये पहिल्याच चेंडूला कळेल,
तिथे आदल्या रात्री व्हिडिओ बघून झोपतात लोक.

आणि स्क्रीन लागली की अर्धं पाऊल उशीर.
हे अर्धं पाऊल मी ओळखते.
अठ्ठ्याण्णव साली, रेल्वेकडून खेळताना,
माझंही तेवढंच कमी पडलं होतं.
बाकावर बसलेल्या एका माणसाने
माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं, वही मिटली, चहा मागवला.
यादी लागली. मी नव्हते.
पुढे बावीस वर्षं लोकांची तिकिटं तपासली,
त्यांच्या डोक्यांवरून बघत.

हजेरी: मार्च ते जून दांड्या.
कारण, कूलर.
गोळीबार चौकात बापाचं दुकान,
मोटर, टब, गवताच्या ताट्या,
सीझनमध्ये दिवसाला बारा-पंधरा घरं.
"आमच्याकडे स्टूल लागत नाही मॅडम,
मी हात वर केला की खिडकी येते."

मी विचारलं, डावीकडे काऊन वळत नाहीस रे?
त्यानं जरा विचार केला.
कोणी विचारलं नव्हतं बहुतेक.
"जिन्यातून कूलर चढवताना
डावीकडे बाबा असतात.
घाईत वळलो तर ते भिंतीत दाबले जातात."

याला रकाना नाही.
मी लिहिलं: डावी बाजू कच्ची. शिकवता येईल.
मग 'येईल' खोडलं. मग परत लिहिलं,
तिथे कागद जरा फाटला.

शेवटचा रकाना शिफारशीचा.
मैदानाचे दिवे लागले, चारातला एक फडफडत राहिला.
सर गाडीशी उभे, पोरं तर्री-पोह्याच्या ठेल्याकडे गेलेली.
तो एकटाच रिंगखाली.
पाठ करून उभा राहतो, चेंडू छातीशी,
डावीकडे वळतो,
चुकतो,
थांबून बाजूला बघतो,
कोणाला लागलं तर नाही ना,
आणि पुन्हा.